कातडं शिवायला जुनं इंडस्ट्रियल मशीन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅगा, पट्टे, पाकिटं करणारी ओळखीची मंडळी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. मी मेकॅनिक नाही, मशीनवर बसून काम करणारा माणूस आहे. आजवर चार जुनी मशीनं घेतली. त्यातल्या एकापायी पस्तावलो, ती हकिगत पुढे येईलच.

मशीन बघायला जाण्याआधी काय ठरवायचं?

आपण काय शिवणार ते ठरवायचं, आणि तेही मिलिमीटरमध्ये. "बॅगा शिवणार" एवढ्याने भागत नाही. तुमच्या कामातला सगळ्यात जाड सांधा शोधा. बॅगेला बंद जोडला जातो ती जागा असेल, नाहीतर बकलजवळची घडी. ती व्हर्नियरने मोजा. १.२ मिमी कातड्याचे चार पदर म्हणजे जवळपास ५ मिमी. ३.५ मिमीचे दोन पदर चिकटवून पट्टा केला तर ७ मिमी. कोणी जाडी औंसात सांगितली तर १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी धरा.

मग दोरा किती जाड हवा, आणि वस्तू सपाट असतानाच शिवून होते की गोल झाल्यावर शिवावी लागते, हेही लिहून काढा. हे कागदावर नसेल तर मशीनसमोर उभं राहिल्यावर गंमत होते: जे समोर असेल तेच आपल्याला हवं होतं असं वाटायला लागतं.

"इंडस्ट्रियल" म्हटलं की ते कातडं शिवणारच ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. शर्टांच्या कारखान्यातलं सरळ टाक्याचं मशीनही इंडस्ट्रियलच असतं. मिनिटाला चार-पाच हजार टाके मारतं, पण पातळ कापडावर. खाली कापड पुढे सरकवणारे दात, वर ते दाबून धरणारा साधा फूट, एवढाच त्याचा संसार. त्यात कातडं घातलं की खालचा पदर दातांबरोबर पुढे जातो, वरचा फुटाला चिकटून मागे राहतो आणि शिवण संपेपर्यंत दोन पदरांत चांगलाच फरक पडतो. वेगासाठी बांधलेल्या मशीनची जात वेगळी, ताकदीसाठी बांधलेल्याची वेगळी.

दुसरा प्रकार म्हणजे घरगुती मशीन "हेवी ड्यूटी" म्हणून विकणं. जाहिरातीत ते जीन्सचे आठ थर शिवताना दिसतं. शिवत असेलही, पण रोज सहा मिमी कातडं शिवायला ते बांधलेलं नाही. सिंगर ३१-१५ सारखं जुनं टेलरिंगचं मशीन खरोखर दणकट आहे, पाकिटाचं मऊ पातळ कातडं बरं शिवतं, पण फीड, म्हणजे शिवताना कातडं पुढे सरकवणं, फक्त खालून. त्याला कोणी "खास लेदर मशीन" म्हणत असेल तर नमस्कार करून पुढे जावं.

मग कोणतं फीड हवं, आणि ते ओळखायचं कसं?

बॅगा, पट्टे, सीट कव्हर अशा कामाला तिहेरी फीड, म्हणजे कंपाउंड फीडचं वॉकिंग फूट मशीन. यात खालचे दात, कातड्यात रुतलेली सुई आणि सुईबरोबरचा आतला फूट असं तिन्ही एकाच वेळी सरकतं. सुईनेच पदर टोचून धरलेले असल्यामुळे ते एकमेकांवरून घसरायला जागाच उरत नाही. आतला फूट मागे जाऊन उचलला गेला की बाहेरचा फूट कातडं दाबून ठेवतो. दोघे आळीपाळीने पावलं टाकतात, म्हणून ते वॉकिंग फूट.

ओळखणं सोपं आहे. मोटर बंद ठेवून चाक हाताने सावकाश फिरवा आणि सुईकडे बाजूने बघा. सुई नुसती खाली-वर होत असेल तर सुईचं फीड नाही. खाली गेलेली सुई मागे सरकत वर येत असेल आणि दोन फूट आलटून पालटून उचलले जात असतील, तर तिहेरी फीड आहे. फूट चालतात पण सुई जागेवरच राहते अशीही मशीनं असतात. त्यांच्यात वरून-खालून फीड असतं, ती टाकाऊ नाहीत, पण जाड पदरांवर तिहेरीची बरोबरी करत नाहीत.

कोणती मॉडेलं लक्षात ठेवावीत?

तिहेरी फीडमध्ये जुकीची एलयू-५६३, एलयू-१५०८ आणि डीएनयू-१५४१, कॉन्स्यू २०६आरबी, सिंगर १११डब्ल्यू१५५, फाफ ५४५ आणि १२४५ ही नावं सारखी कानावर येतात. यातल्या बऱ्याच मशीनचे सुटे भाग आजही नवे मिळतात. जुनं मशीन घेताना मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. अप्रतिम मशीन, पण हूक (सुईखाली फिरून दोऱ्याचा फास पकडणारा भाग) कुठेच मिळत नाही, अशाला घरात शोभेचं स्थान मिळतं, कामाचं नाही.

एकेकाच्या खोडीही माहीत असाव्यात. १११डब्ल्यू१५५ ला उलटा टाका नाही. शेवट पक्का करायचा तर कातडं फिरवून परत त्याच भोकांतून यावं लागतं. टाक्याची लांबी बदलायलाही दांडा नाही, बेडवरचं, म्हणजे सुईखालच्या भागावरचं बटण दाबून धरायचं आणि चाक फिरवायचं. ही खोड सहन होत असेल तर मशीन फार गुणी.

जुन्या सिंगरच्या क्रमांकातलं अक्षर कारखाना सांगतं: "डब्ल्यू" म्हणजे अमेरिकेतलं ब्रिजपोर्ट, "के" म्हणजे स्कॉटलंडमधलं क्लाइडबँक. क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली बंद पडला, तेव्हा २९के हे दुरुस्तीचं मशीन घेताना आपण आजोबांना घरी नेतोय हे ध्यानात असू द्या.

या मशीनवर किती जाडी शिवता येते?

वर सांगितलेल्या जातीच्या मशीनवर आठेक मिमीपर्यंत निर्धास्त काम करावं. मऊ कातडं दाबलं जातं म्हणून थोडं जास्तही चालतं, पण टॅनिनवर कमावलेलं कडक कातडं दबत नाही, तिथे आकडा काटेकोर धरावा. घोड्याचं जीन, जाड म्यान, दहा-बारा मिमीचे पट्टे हेच रोजचं काम असेल तर जुकी टीएससी-४४१ च्या घराण्यातलं जाड कामाचं सिलिंडर आर्म मशीन हवं. ते १९-२० मिमीपर्यंत जातं. ते घेतलं की पातळ पाकिटावर मात्र ते हत्तीने रांगोळी काढल्यासारखं चालतं. एकाच मशीनवर दोन्ही टोकं साधतील ही आशा सोडलेली बरी.

माहितीपत्रकातली फूट उचलण्याची उंची म्हणजे शिवण्याची जाडी नव्हे. गुडघ्याच्या दांड्याने फूट १६ मिमी उचलला जात असेल, म्हणून १६ मिमी शिवता येत नाही. फुटांना पाऊल उचलायला कातड्याच्या वर मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर फूट जागच्या जागी पाय आपटत राहतात आणि टाका आखडतो.

फ्लॅट बेड, सिलिंडर आर्म की पोस्ट बेड?

सपाट तुकडे शिवून नंतर वस्तू जोडणार असाल तर फ्लॅट बेड, म्हणजे टेबलाशी समतल असलेलं मशीन. तेच जास्त दिसतात, स्वस्तही पडतात. बॅगेचा तळ, नळीसारखी बाजू, बाही असं गोल काम असेल तर सिलिंडर आर्म, म्हणजे शिवायची जागा आडव्या नळीसारख्या हातावर असलेलं. त्यावर सुटं टेबल बसवून सपाट कामही निघतं. पोस्ट बेड, म्हणजे शिवायची जागा उभ्या खांबावर असलेलं, बुटांच्या वरच्या भागासाठी. शंका असेल तर फ्लॅट बेडनेच सुरुवात करा.

बघायला जाताना बरोबर काय न्यायचं?

स्वतःचं कातडं, स्वतःचा दोरा, स्वतःच्या नव्या सुया. विकणाऱ्याने लावून ठेवलेल्या नमुन्यावर शिवून बघणं म्हणजे लग्न जमवताना फक्त साखरपुड्याचे फोटो बघण्यासारखं आहे. मी एक पट्टी घरूनच चिकटवून नेतो: सुरुवातीला दोन पदर, मध्ये चार, पुढे सहा आणि परत दोन. पायऱ्या-पायऱ्यांची ती पट्टी मशीनचं सगळं पोट उघडं करते. शिवाय बॅटरी, स्क्रूड्रायव्हर, व्हर्नियर आणि थोडा कापूस. कापूस कशाला ते पुढे सांगतो.

मोटर चालू करण्याआधी काय तपासायचं?

खरी परीक्षा इथेच होते. मोटर सुरू झाली की आवाजात आणि वेगात सगळं झाकलं जातं.

आधी दोरा काढून टाका, फूट वर करा आणि चाक हाताने फिरवा. बहुतेक मशीनचं चाक आपल्याकडे फिरतं. दहा-पंधरा फेरे डोळे मिटून फिरवा, खरंच मिटून. एका फेऱ्यात कुठे जड, कुठे हलकं लागतं ते हाताला कळतं. सुई वर-खाली होताना थोडा फरक लागणारच. पण दर फेऱ्याला त्याच जागी खट् असं अडकत असेल तर कुठेतरी काहीतरी घासतंय. कधी ते हुकाच्या खाचेत गुंतलेलं दोऱ्याचं सूतभर टोक निघतं, कधी वाकलेली दांडी. पहिलं चिमट्याने निघतं, दुसरं पाकिटातून.

मग चाक धरून आत-बाहेर ढकला-ओढा. मुख्य दांडा टकटक हलत असेल तर बघायचं. थोडा प्ले (ढिलेपणा) दांड्यावरची कॉलर सरकवून काढता येतो, पण विकणाऱ्याने तो आजवर काढलेला नाही एवढं तर समजलंच. सुईची दांडी सर्वांत खाली आणा आणि बोटाच्या चिमटीत धरून बाजूला हलवा. तिहेरी फीडच्या मशीनमध्ये सुईची दांडी झुलत्या चौकटीत बसवलेली असते, म्हणून पुढे-मागे जराशी हालचाल जाणवू शकते. डावी-उजवीकडे मात्र हलता कामा नये. डावी-उजवीकडे हलणारी सुई कधी हुकाला घासते, कधी त्याच्यापासून लांब राहते, आणि टाका का सुटतो याचा शोध महिनोन्महिने चालतो.

मशीनचं डोकं, म्हणजे टेबलावरचा लोखंडी भाग, मागे उलथवा. विकणारा "कशाला त्रास घेता" म्हणाला तर जरूर घ्या. खाली काळं घट्ट तेल, दोऱ्याची लोकर, धूळ असेल तर ती साफ होते. तडे, वेल्डिंगचे डाग, पितळेची पट्टी मारून जोडलेला भाग दिसला तर मागे फिरा. कास्टिंगचं वेल्डिंग करणाऱ्याच्या हातावर विश्वास असला तरी त्यानंतर सगळे दांडे एका रेषेत राहिलेत यावर मी ठेवत नाही. स्क्रूच्या खाचांकडेही बघा. खाचा ओरबाडलेल्या, एकाच पट्टीला चार जातींचे स्क्रू, कडेला हातोडीचे घाव दिसले तर इथे कोणीतरी घाईत हात घातलेला आहे. जुन्या सिंगरच्या स्क्रूंचे आटे सिंगरचे स्वतःचे होते, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही. बसवलेला दिसला तर आटे मारून बसवलेला असणार.

चाक फारच जड फिरतंय. सोडून द्यावं का?

एवढ्यावरून नाही. जड मशीनला भिऊ नका, सैल मशीनला भ्या. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या मशीनमधलं तेल वाळून लाखेसारखं होतं आणि टाक्याचा दांडा, फूट उचलायचा दांडा जागच्या जागी बसतात. रॉकेलने धुऊन, केस वाळवायच्या यंत्राने थोडं गरम करून, नवं पांढरं मशीन ऑइल सोडलं की दोन दिवसांत ते मोकळं होतं. माझं सध्याचं मशीन आणलं तेव्हा दोन्ही हातांनी फिरवावं लागत होतं. आज करंगळीने फिरतं. सैल झालेल्या मशीनमधून मात्र लोखंड झिजून गेलेलं असतं, आणि ते तेलाने परत येत नाही.

अपवाद गंजाचा. टेबलावर, चाकावर तांबूस थर असेल तर हरकत नाही. हूक आणि सुईच्या दांडीवर गंजाचे खड्डे असतील तर ते भाग बदलावेच लागतील.

हूक बघताना नेमकं काय बघायचं?

सुईची प्लेट काढायला सांगा. हुकाची चोच टोकदार, चकचकीत हवी. तिच्यावरून नख ओढा, नंतर कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर तिथे धातूचा खरखरीत उंचवटा आहे. बारीक असेल तर पॉलिश होतो. चोच आखूड, बोथट किंवा कानशीने आकार दिल्यासारखी दिसली तर हूक गेला.

माझी फजिती इथेच झाली. विकणाऱ्याने दोन मऊ पदरांवर पातळ दोऱ्याने सुरेख शिवण काढून दाखवली. मी प्लेट काढायचा आग्रह धरला नाही. घरी आणून ७ मिमीच्या पट्ट्यावर लावलं तर दर पाच-सहा टाक्यांनी एक सुटायला लागला. सुई बदलली, दोरा बदलला, टेन्शन (दोऱ्याचा ताण) बदलून बदलून थकलो. शेवटी मेकॅनिकने प्लेट काढली आणि काही न बोलता बोट दाखवलं: हुकाची चोच दगडावर घासून जवळपास मिलिमीटरभर आखूड केलेली. कधीतरी सुई आदळून टोक तुटलं असणार, त्यावर हा इलाज. पातळ कातड्यात दोऱ्याचा फास मोठा राहतो, म्हणून आखूड चोचही तो पकडते. जाड कातड्यात सुई घट्ट धरली जाते, फास लहान होतो, आणि चोच उशिरा पोचते.

टायमिंगचा, म्हणजे सुई आणि चोच नेमकी कधी भेटतात त्याचा, हिशेब असा: सुई सर्वांत खालून साधारण २ ते २.५ मिमी वर आली की चोच सुईच्या मध्यावर, नेढ्याच्या जरा वर यायला हवी. चोच आणि सुई यांत जेमतेम कागद सरकेल एवढंच अंतर.

"फक्त टायमिंग गेलंय, पाच मिनिटांचं काम आहे" असं विकणारा म्हणतो. खरं मानावं?

मी तरी विचारतो: मग तुम्हीच पाच मिनिटं काढून का केलं नाही?

शक्यता मात्र खरीही असते. सिंगर १११डब्ल्यू, कॉन्स्यू २०६आरबी, जुकी ५६३ अशा मशीनमध्ये सेफ्टी क्लच असतो. खाली दोऱ्याचा गुंता झाला की तो सुटतो आणि हूक फिरायचा थांबतो, म्हणजे भाग तुटत नाहीत. माहीत नसलेल्याला वाटतं टायमिंग गेलं, मशीन मेलं. गुंता काढून, बेडवरचं छोटं बटण दाबून धरून चाक जोर लावून फिरवलं की क्लच टक् करून परत बसतो. अशी मशीनं भंगाराच्या भावात हाती लागल्याचं ऐकतो. माझ्या वाट्याला काही आलं नाही. क्लच बसवूनही चोच सुईला भेटत नसेल तर स्वतःच्या मेकॅनिकशिवाय व्यवहार करू नका.

शिवून बघताना लक्ष कुठे ठेवायचं?

सुरुवातीचे दहा टाके चाक हाताने फिरवून घ्या. मग मोटरवर, शक्य तितकं सावकाश. टाका ५ मिमीवर लावा, वीस टाके मोजा आणि पट्टी ठेवा. १०० मिमीच्या आसपास लांबी भरली पाहिजे. थोडी कमी भरली तर चालेल, पण सुरुवातीचे टाके लांब आणि नंतरचे आखूड असं नको.

मग ती पायऱ्यांची पट्टी. चढावर टाका किंचित आखडतो, ते समजून घ्यावं. निम्मा होत असेल तर एक तर फुटाची उचल कमी ठेवलीय किंवा दात झिजलेत. उचल वाढवता येते. तेवढं बदलून पुन्हा शिवा. उतारावर टाका सुटतो का बघा, जास्त करून तिथेच सुटतो.

उलटा टाका घेऊन सुई त्याच भोकांत परत येते का बघा. जरा इकडेतिकडे पडली तर बहुतेकदा जुळवून घेता येतं. काटकोनात वळा: सुई खाली ठेवून फूट उचला, कातडं फिरवा. या वळणावर हटकून टाका सुटणारी मशीनं असतात.

शेवटी शिवणीलगत धारदार रापीने तिरका छेद द्या आणि आत बघा. वरचा आणि खालचा दोरा कातड्याच्या पोटात मध्यावर गुंतलेले दिसायला हवेत. गाठ मागच्या बाजूला लोंबत असेल तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन वाढवून पुन्हा बघा. वाढवूनही काही फरक पडत नसेल तर टेन्शनच्या चकत्यांमध्ये बोट घाला. वर्षानुवर्षं दोरा जाऊन चकतीवर खोबण पडते आणि दोरा त्या खोबणीत निवांत लपून राहतो. चकत्या स्वस्त असतात, त्यासाठी मशीन सोडू नका.

आणि हो, कातड्याच्या वरच्या बाजूला फुटाचे दात उमटलेत का बघा. सोफा किंवा सीटच्या कामातून आलेल्या मशीनला दातेरी फूट असतात. गुळगुळीत फूट वेगळे मिळतात. खालचे दात मात्र तेवढे सहज गुळगुळीत होत नाहीत.

सुई कोणती लागते? साधी सुई लावून मशीन चालतंय म्हणतात.

मशीनच्या जातीप्रमाणे सुईची सिस्टिम ठरलेली असते. बहुतेक वॉकिंग फूट मशीनना कापडी टोकाची १३५×१७ आणि कातड्याच्या टोकाची १३५×१६, फाफला १३४-३५, ४४१ ला ७९४. शर्टाच्या मशीनची डीबी×१ ची दांडी सुमारे १.६ मिमी जाड, १३५×१७ ची २ मिमी. कोणी जुगाड करून भलती सुई बसवली असेल आणि तिच्या मापाने सुईची दांडी खाली-वर केली असेल, तर तुम्ही योग्य सुई लावताच मशीन बिघडल्यासारखं वागेल. म्हणून नव्या सुया बरोबर न्यायच्या.

सुईवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग: १४० नंबर म्हणजे १.४ मिमी. टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप: टेक्स ७० दोऱ्याला ११०, टेक्स ९० ला १२० किंवा १२५, टेक्स १३५ ला १४० ते १६०, टेक्स २१० ला १८०. वॉकिंग फूट मशीनवर मी टेक्स १३५ पर्यंतच जातो. त्याच्या वर बॉबीन लगेच संपते आणि मशीन कुरकुरतं.

क्लच मोटर असेल तर?

क्लच मोटर बटण दाबल्यापासून सतत घोंघावत असते, पॅडल दाबलं की मशीनला जोडली जाते. जुने कारागीर तिच्यावर एकेक टाका घेतात, पण ती साधना आहे. नवख्याच्या हातात ती कातडं घेऊन सुटते, आणि कातड्यात चुकून पडलेलं भोक कायमचं असतं. सर्व्हो मोटर पॅडल दाबेपर्यंत गप्प असते आणि वेग वरून मर्यादित करता येतो. बदलणं अवघड नाही, टेबलाखाली बहुतेकदा तीनच बोल्ट असतात. त्यामुळे क्लच मोटर हे मशीन नाकारायचं कारण नाही, भाव कमी करायचं आहे.

जाड कामात नुसती सर्व्हो पुरतेच असं नाही, कमी वेगात काहींचा जोर पडतो. मोटरवर लहान पुली बसवा किंवा मध्ये ३:१ चा रिड्यूसर घाला. वेग तिसरा हिस्सा होतो आणि ताकद जवळपास तिप्पट.

एक सावधगिरी: क्लच मोटर बंद केल्यावरही तिचं जड चाक काही वेळ फिरत राहतं. तेवढ्यात पॅडलवर पाय पडला तर सुई खाली येते. दोरा ओवताना पाय पॅडलवरून काढून ठेवा.

मोटर थ्री फेज निघाली तर?

कारखान्यातून आलेल्या मशीनवर हमखास निघते. मोटरच्या पट्टीवर फेज आणि व्होल्टेज लिहिलेलं असतं, घरची लाइन सिंगल फेज असेल तर ती तशीच चालणार नाही. पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारं मशीन असेल तर मोटर बदलून टाका. मोटर डोक्यातच बसवलेली असेल किंवा कंट्रोल बॉक्सला बांधलेली असेल तर इतकं सोपं नाही.

आपोआप दोरा कापणारं मशीन घेऊ का?

चालत असेल तर सुख आहे. बिघडलं तर कंट्रोल बॉक्सचं कार्ड शोधत फिरावं लागतं, आणि ते मशीनपेक्षा आधी बाजारातून जातं. काहींचा फूट हवेच्या दाबाने उचलला जातो, म्हणजे कॉम्प्रेसरही आला. एकट्याच्या कामाला मी साधं मशीनच घेईन.

चपला-बुटांच्या दुरुस्तीचं पॅचर मशीन बॅगांना चालेल का?

सिंगर २९ च्या जातीचं पॅचर दुरुस्तीचा राजा आहे. फीड फुटातूनच मिळतं आणि फूट चहूबाजूंनी फिरतो, म्हणून बुटाच्या आत, बॅगेच्या कोपऱ्यात कुठेही टाका पडतो. पण लांब सरळ देखणी शिवण हे त्याचं काम नव्हे. जुन्या नमुन्यांची बॉबीनही इवलीशी. झिजलेल्या पॅचरची खूण म्हणजे टाक्याची लांबी पूर्ण लावूनही टाका लहानच पडतो. दुसरं मशीन म्हणून जरूर घ्या, पहिलं म्हणून नको.

नव्याने रंगवलेलं मशीन चांगलं की वाईट?

रंगाला मी गुण देत नाही. उलट तेलाची भोकं बघतो. ती रंगाने बुजलेली असतील तर रंगवणाऱ्याला तेलाची फिकीर नव्हती. नावाची पट्टी रंगाखाली गेली असेल तर मॉडेल कसं ठरवलं ते विचारा. जिथे हात टेकतात तिथला रंग उडालेला, पण आतून स्वच्छ तेलात असलेलं मशीन मला जास्त आवडतं.

मशीन लांब आहे, फोटोवरच ठरवायचंय. काय मागू?

नावाच्या आणि मोटरच्या पट्टीचा फोटो, डोकं उलथवून खालचा फोटो, प्लेट काढून हुकाचा जवळून फोटो. आणि एक व्हिडिओ: चाक हाताने फिरवत, तुम्ही सांगाल त्या जाडीवर, न थांबवता. शिवणीची मागची बाजूही त्याच व्हिडिओत दिसली पाहिजे. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

भाव करताना कशाकडे बोट दाखवायचं?

बदलाव्या लागणाऱ्या वस्तूंची यादी करा: मोटर, फूट, दात, प्लेट, बॉबीन केस, पट्टा. प्रत्येकाची किंमत आधीच विचारून ठेवा आणि ती यादी समोर ठेवून बोला. "जुनं आहे, कमी करा" याला काही वजन नसतं. हूक बदलायचा असेल तर तो पकडून बेरीज करा, कधी कधी चांगल्या स्थितीतलं दुसरं मशीन त्यापेक्षा स्वस्त पडतं.

घरी आणताना आणि आणल्यावर काय काळजी घ्यावी?

डोकं टेबलावरून काढून वेगळं न्या. नुसतं डोकंच तीस किलो किंवा जास्त भरतं, आणि टेबलासकट उभं नेलं तर पहिल्याच खड्ड्यात उलथतं. उचलताना चाकाला किंवा सुईच्या बाजूला धरू नका, हाताखालच्या जाड कास्टिंगला धरा. खाली तेलाचं तबक असेल तर आधी रिकामं करा. सुटं करण्यापूर्वी दोरा ओवलेल्या अवस्थेत चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. टेबल साधारण चार फूट लांब असतं, जिना आणि दार आधी मोजा.

आणल्यावर सगळी भोकं आणि वाती तेलाने भरा, चाक फिरवत राहा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी खाली काळं पाणी साचलेलं दिसेल, ते पुसा, पुन्हा तेल सोडा. पहिले दोन-तीन दिवस टाकाऊ तुकडेच शिवा. सुईच्या दांडीवरून तेल ओघळतं, आणि फिकट कातड्यावर एक थेंब पडला की तो डाग निघत नाही.